डायलिसिस फुकट झालं तरी पैसे कुठं जातात, आणि ते कसे अडवायचे

आमच्या अण्णांच्या (वडलांच्या) किडन्या गेल्या आणि २०२१ च्या दिवाळीआधी डायलिसिस (मशीननं रक्त साफ करणं) सुरू झालं, आणि तेव्हापासून आमच्याकडं एक वही आहे, दोनशे पानी, मोटर वाइंडिंगच्या दुकानातली उधारीची वही होती तीच उलटी करून मागून लिहायला घेतली. पहिलं वर्ष मी त्यात फक्त हॉस्पिटलची बिलं लिहायचो आणि म्हणायचो सरकारी योजनेत डायलिसिस फुकट झालंय तरी महिन्याच्या शेवटी गल्ल्यात काहीच का राहत नाही. मग ताई एकदा माहेरी आली, तिनं वही बघितली आणि विचारलं, जीपचं भाडं कुठं लिहिलंयस? दुकान बंद राहतं ते कुठं लिहिलंयस? तिथून सगळा हिशोब नव्यानं मांडला.

हे लिहायचं कारण ते. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस वगैरे काही सांगणार नाही, ते तुमच्या नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) विचारा. पण ज्यांच्या घरात आत्ता हे नवीन सुरू झालंय त्यांनी पैशाचं काय करायचं, कुठल्या क्रमानं करायचं, ते आम्ही ठेचा खात शिकलोय ते सांगतो.

सगळ्यात आधी ज्यांचं डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही त्यांच्यासाठी, कारण खरे पैसे इथंच वाचतात. शुगर नाहीतर बीपी दहा-बारा वर्षं आहे, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) दीड-दोनच्या आसपास आलंय, डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवा, आणि माणसाला तर काहीच होत नाही, शेतात जातंय, जेवतंय. अण्णांचं असंच होतं. किडनी दुखत नाही हो, तोच घोळ आहे, बरीचशी निकामी होईपर्यंत कळत नाही. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची टेस्ट, एवढ्याला शेकड्यात पैसे लागतात, सरकारी दवाखान्यात तर तेही नाही. ती टेस्ट न करता आम्ही काय केलं, तर गुडघ्यासाठी मेडिकलवरून पेनकिलर आणून दिल्या, दोन वर्षं, रोज एक. कुणी सांगितलंच नव्हतं की किडनी कमजोर असलेल्या माणसाला त्या चालत नाहीत. ज्याच्या घरात शुगरचा पेशंट आहे त्यानं आज जाऊन औषधाचा डबा बघावा, एवढंच सांगतो.

दुसरी गोष्ट फिस्टुला. डॉक्टर म्हणाले की पुढं डायलिसिस लागेल, हातात फिस्टुला करून ठेवा, तर पुढं ढकलू नका. फिस्टुला म्हणजे मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर जोडतात, छोटं ऑपरेशन असतं, पण ती शीर फुगून सुईसाठी तयार व्हायला दीड-दोन महिने जातात, कधी जास्तपण. आमचे अण्णा म्हणाले मशीनवर जायचंच नाही तर हात कशाला कापून घेऊ. मग एका रात्री धाप लागली, फुफ्फुसात पाणी, सोलापूरला एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, मानेत तात्पुरती नळी, चार दिवस आयसीयू, आणि बिल एक लाख बेचाळीस हजार. तीन आठवड्यांनी त्या नळीला इन्फेक्शन, थंडी वाजून ताप, परत अ‍ॅडमिट, परत पन्नासएक हजार. फिस्टुला आधी असता तर यातलं बरंचसं वाचलं असतं. आणि ज्या हातात फिस्टुला करायचाय (बहुतेक डावा, जो कमी वापरतो तो) त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन लावू द्यायची नाही, झाल्यावर बीपीचा पट्टापण त्या हाताला नाही. नर्सला सांगायला लाजू नका, आम्ही अण्णांच्या हातावर स्केचपेननं लिहूनच पाठवायचो.

आता वही. तीन महिने सगळं लिहा, सगळं म्हणजे चहापण. आमचा २०२२ मधला एक महिना देतो, डायलिसिस योजनेत फुकट, आठवड्याला दोन सिटिंग, महिन्यात नऊ चकरा, गावापासून सोलापूर. जीप नऊ वेळा अठराशेनं सोळा हजार दोनशे. रक्तवाढीची इंजेक्शनं आठ, नऊशेला एक, सात हजार दोनशे. गोळ्या तीन हजार चारशे. टेस्ट सोळाशे. बाहेरचं खाणं, चहा, पाण्याच्या बाटल्या अठराशे. आणि माझं दुकान नऊ दिवस बंद, दिवसाला आठशे धरले तर सात हजार दोनशे. बेरीज सदतीस हजार चारशे, आणि ह्यात डायलिसिसचा एक रुपया नाही. मशीन फुकट आहे, पण मशीनपर्यंत जाणं, मशीनवरून उठल्यावर लागणारं औषध आणि सोबत बसलेल्या माणसाची बुडालेली रोजी, हे कुठल्याच कार्डावर येत नाही.

यावर्षीचा तसाच एक महिना दहा हजार दोनशे चाळीस आहे. कसं झालं ते पुढं सांगतो, पण जादू काहीच नाही, सगळ्यात मोठा आकडा कुठला ते बघायचं आणि आधी त्याच्या मागं लागायचं. लोक उलटं करतात, गोळ्यांच्या पट्टीत पाच रुपये वाचवतात आणि आठवड्याला दोन वेळा जीप करतात.

पण आधी योजना, कारण कुणाकुणाचं अजून तेच अडलेलं असतं. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे (जुने लोक अजून जीवनदायी म्हणतात), ती केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडलेली आहे. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, आता पाच लाख आहेत. आधी पिवळं-केशरी रेशनकार्ड लागायचं, आता पांढऱ्या कार्डवाल्यांनापण आहे, हे अजून खूप जणांना माहीत नाही, आमच्याच गल्लीत एक सर ११ महिने पैसे भरून डायलिसिस करत होते कारण आमचं कार्ड पांढरं आहे म्हणून त्यांनी विचारलंच नाही. ७० वर्षांच्या पुढच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. त्याशिवाय २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात आणि काही उपजिल्हा रुग्णालयांत मशीन लावलेल्या आहेत, दारिद्र्यरेषेखालच्यांना तिथं पैसे लागत नाहीत.

हॉस्पिटल योजनेत आहे का हे रिसेप्शनला विचारू नका, तिथं दिवसभर नाही म्हणायची सवय असते. आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) कुठं बसतात ते विचारा, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात त्यांचा काउंटर असतो. जायच्या आधी घरी बसून आधार आणि रेशनकार्डावरचं नाव मिळवून बघा. आमच्या अण्णांचं आधारवर वडलांचं नाव आणि आडनाव, रेशनकार्डावर नुसतं टोपणनाव, त्यात पंधरा दिवस गेले आणि त्या पंधरा दिवसांचं डायलिसिस रोख, अठराशेला एक. रेशनकार्डावर नाव कमी झालंय का, लग्न झालेल्या मुलीकडं राहणाऱ्या आईचं नाव कुठल्या कार्डावर आहे, हे सगळं तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन आधी दुरुस्त करा. आणि आधारला मोबाईल नंबर जोडून ठेवा, कारण आयुष्यभर फावडं धरलेल्या माणसाचा अंगठा मशीनवर उठत नाही, मग ओटीपीच कामाला येतो.

आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारायच्या. पॅकेजमध्ये काय काय येतं, म्हणजे डायलायझर (मशीनला लावायचा रक्त गाळायचा फिल्टर), नळ्या, हिपॅरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते), इंजेक्शन, टेस्ट, यातलं आम्ही बाहेरून काय आणायचं. मंजुरी किती सिटिंगची आलीय आणि पुढची कधी टाकणार, कारण ती संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर त्या दिवशी पैसे भरा म्हणतात. आणि फिस्टुलाचं ऑपरेशन योजनेत इथं होतं का. योजनेतल्या पेशंटकडून पॅकेजमधल्या गोष्टीचे पैसे मागितले तर पावती मागा, नुसती पावती मागितली तरी निम्म्या वेळा आवाज खाली येतो, नाहीतर फुले योजनेच्या १५५३८८ ला फोन लावा, आयुष्मानचा नंबर १४५५५. मी एकदाच लावला होता, एका ठिकाणी दर सिटिंगला ‘सामानाचे’ तीनशे घ्यायचे, फोननंतर बंद झालं, वागणूक थोडी थंड झाली तेवढं चालवून घेतलं.

सेंटर बघताना अजून एक बघा, हिपॅटायटिस बी-सी (रक्तातून पसरणारी कावीळ) वाल्यांसाठी वेगळी मशीन आहे का आणि डायलायझर धुऊन परत वापरत असतील तर त्यावर तुमच्या पेशंटचं नाव आणि कितवी वेळ ते लिहिलेलं आहे का. परत वापरणं तसं चालतं, त्याच पेशंटला आणि नीट धुऊन. पण तिथं हयगय झाली आणि सी लागला तर त्याच्या उपचाराचा वेगळा त्रास वाढला. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसवाल्यांना डबल डोसनं देतात, ती सुरुवातीलाच घेऊन टाका.

आता जीप. आमचा सगळ्यात मोठा आकडा तो होता आणि सगळ्यात सोपा निघाला. आमचं गाव बार्शीपासून नऊ किलोमीटर. सोलापूर सत्तर. आम्ही सोलापूरला का जात होतो? कारण पहिल्यांदा अ‍ॅडमिट तिकडं केलं आणि डॉक्टर ओळखीचे झाले, बस. बार्शीत योजनेतलं सेंटर आहे हे माहीत होतं पण स्लॉट फुल म्हणाले होते, एकदा विचारून सोडून दिलं. डायलिसिस सेंटरमध्ये स्लॉट रिकामे होत राहतात, का होतात ते सांगायला नको, वाईट वाटतं पण खरं आहे. वेटिंगमध्ये नाव लिहून, दर सोमवारी टेक्निशियनला फोन करून (मॅनेजरला नाही, टेक्निशियनला) अडीच महिन्यांत स्लॉट मिळाला. मोठ्या डॉक्टरला दोन महिन्यातनं एकदा सोलापूरला दाखवतो, मशीन इथंच. जीपचे सोळा हजार होते तिथं आता रिक्षाचे अठराशे.

लांब जावंच लागत असेल तर एसटीत डायलिसिसच्या पेशंटला मोफत प्रवास आहे, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, नमुना डेपोत मिळतो. बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट हे तर सगळ्यांना माहीतच आहे. रेल्वेत डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांटसाठी जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला स्लीपर, थ्री एसीत ७५ टक्के सवलत आहे, रेल्वेचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यायचा आणि खिडकीवर द्यायचा. फक्त डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो, बीपी पडतं, त्यामुळं जाताना एसटी आणि येताना कुणाच्यातरी गाडीत जागा असं बरेचजण करतात. एकाच दिशेचे तीन पेशंट मिळून एक गाडी ठरवणं तर सगळ्यात बरं, त्यासाठी तिघांनी एकाच शिफ्टला स्लॉट मागायचा.

शिफ्टवरून आठवलं. पहाटेची शिफ्ट मागा. सहाला मशीनवर, दहाला खाली, साडेअकराला माझं दुकान उघडं. दुपारची शिफ्ट म्हणजे आख्खा दिवस गेला, सकाळी तयारी आणि संध्याकाळी थकवा. आणि सोबत बसणारा माणूस कोण, हे घरात बसून ठरवा. आमच्याकडं पहिलं वर्ष मीच जायचो कारण मुलगा आहे ना, लोक काय म्हणतील. मग बायको म्हणाली चार तास नुसतं बाहेर बाकड्यावर बसायचं असतं तर तुम्हीच कशाला, मी बसते, विणकाम घेऊन जाते. आता आम्ही वाटून जातो, अण्णा स्थिर असले की नुसतं सोडून यायचं आणि न्यायला जायचं, नंबर टेक्निशियनकडं. ज्यांच्या घरात रोजंदारी आहे त्यांनी हा हिशोब डायलिसिसच्या बिलाएवढाच मनावर घ्यावा.

इंजेक्शनं. किडनी गेली की रक्त तयार करायचा निरोप देणारं हार्मोन कमी पडतं, म्हणून एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं लागतात, आठवड्यातून एक-दोन-तीन, हिमोग्लोबिन बघून. यात गंमत अशी की बॉक्सवर छापलेली किंमत आणि दुकानदाराची खरेदी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, एमआरपीवर दहा टक्के सूट दिली म्हणून आपण खूश होतो. डॉक्टरला सरळ विचारा, साहेब ह्याच औषधाची दुसरी कंपनी चालेल का, बहुतेक हो म्हणतात. मग होलसेल मेडिकलवर एकदम महिन्याची आठ घेतो म्हणून भाव करा. नऊशेचं आम्हाला तीनशे ऐंशीला पडतं. पण ते फ्रीजमधलं इंजेक्शन आहे, आणताना बर्फाचा पॅक, घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की वाया. आमच्याकडं लोडशेडिंगच्या दिवसात दोन वाया गेलीत.

हिमोग्लोबिन खूप पडलं म्हणून रक्त चढवायला सांगितलं तर आधी विचारा की लोह बघितलं का. शरीरात लोह नसेल तर हे महागडं इंजेक्शन नुसतं ओतत राहतो आपण, उपयोग होत नाही, आमचं चार महिने तसंच झालं. आणि ज्यांना पुढं ट्रान्सप्लांट करायचंय त्यांनी रक्त चढवणं शक्यतो टाळावं असं डॉक्टर सांगतात, त्यानं पुढं किडनी जुळायला त्रास होतो.

गोळ्या जनऔषधीतून (सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान). बीपीच्या, कॅल्शियमच्या, फॉस्फरस कमी करायच्या, बऱ्याच मिळतात. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर खाली औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. दर तीन महिन्यांनी गोळ्यांची पिशवी घेऊन जा आणि विचारा यातली कुठली बंद करता येईल. अण्णांच्या अकरा गोळ्यांतल्या तीन अशाच चालू होत्या, जुन्या अ‍ॅडमिशनच्या, त्यातली एक नुसती अ‍ॅसिडिटीची.

खाण्यात पैसे लागत नाहीत, उलट वाचतात, पण पाळलं नाही तर त्याच्यासारखं महाग काही नाही. पाणी मोजून, दिवसाला डॉक्टर सांगतील तेवढंच, आम्ही एक बाटली भरून ठेवतो, चहा-आमटी त्यातच धरायची. दोन सिटिंगच्या मध्ये वजन किती वाढलं ते पाण्याचं असतं, चार-पाच किलो वाढलं की रात्री धाप आणि मग रात्रीची इमर्जन्सी, तिचं बिल मी वर सांगितलंच आहे. आणि भेटायला येणारे पाहुणे. पेशंट म्हटलं की शहाळं आणि केळी घेऊनच येतात, मायेनं आणतात, पण दोन्हीत पोटॅशियम भरपूर, ते वाढलं की हृदय थांबतं, खरंच थांबतं. आमच्या आईनं दारातच सांगायला सुरुवात केली की फळ आणू नका, आणायचं तर अंडी आणा. डायलिसिसवर प्रोटीन जास्त लागतं (डायलिसिसच्या आधी कमी सांगतात, नंतर जास्त, इथं लोकांचा गोंधळ होतो), ते अंड्याच्या पांढऱ्यातून स्वस्तात मिळतं, बाराशेच्या डब्याची दरवेळी गरज नसते. पालेभाज्या, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं.

आणि किडनी परत चालू करून देतो म्हणणारे. प्रत्येक घरात एक मामा असतो ज्याला असा एक वैद्य माहीत असतो. आमच्याकडं पण झालं, लांबच्या एका गावात काढा आणि पुड्या, डायलिसिस बंद करा म्हणाला, अठरा हजार घेतले. अण्णांनी तीन सिटिंग चुकवली. पुढचं काय झालं ते त्या वहीत आहे, पान एकोणीस, एक्काहत्तर हजार. पुडीत काय आहे हे न सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, भस्मांमध्ये जड धातू असले तर उरलीसुरली किडनीपण जाते, आणि थोडी लघवी होत असेल तर तीही सांभाळायची असते, तेवढं पाणी जास्त पिता येतं.

ट्रान्सप्लांटचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. लोक म्हणतात डायलिसिस फुकट आहे तर ट्रान्सप्लांटला लाखो कशाला, पण पेशंट चाळिशीतला असेल, कमावता असेल तर डायलिसिसवर त्याची नोकरी टिकत नाही, आणि ट्रान्सप्लांट नीट झालं तर तो कामावर जातो, हा फरक वर्षानुवर्षाचा आहे. फुले योजनेत ट्रान्सप्लांटसाठी अडीच लाख होते ते २०२३ च्या निर्णयात साडेचार लाख केले. ऑपरेशननंतर टॅक्रोलिमससारख्या, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या गोळ्या मात्र जन्मभर, एक दिवस चुकवून चालत नाही, आणि रक्तातली पातळी तपासायच्या टेस्ट वेगळ्या. त्यामुळं ऑपरेशनला पैसे गोळा करताना पुढच्या दोन वर्षांच्या गोळ्यांचे पैसे बाजूला काढून ठेवा, मी स्वतः एकजण बघितलाय ज्यानं पैसे संपले म्हणून गोळ्या अर्ध्या केल्या, किडनी गेली, बहिणीनं दिलेली होती.

किडनी कोण देऊ शकतं तर १९९४ चा कायदा आहे, २०११ मध्ये सुधारला, नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊबहीण, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. सून, जावई, दीर त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी कायद्यानं नेमलेल्या समितीची परवानगी लागते. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करता येते, कायद्यानं, तेही समितीच्या परवानगीनं. मेंदूमृत दात्याकडून हवी असेल तर हॉस्पिटलमार्फत मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर यातल्या आपल्या विभागाच्या झेडटीसीसीत (अवयवदानाच्या विभागीय समन्वय केंद्रात) नाव लागतं. नाव लवकर लावा, रांग मोठी आहे. आणि कुणी दलाल पैशात किडनी मिळवून देतो म्हणाला तर तिथून उठून या, घेणारा-देणारा दोघंही जेलमध्ये जातात. एक बोलून दाखवतो, आमच्या सेंटरमध्ये ज्यांचं ट्रान्सप्लांट झालं त्यातल्या किडनी देणाऱ्या बहुतेक आया आणि बायकाच आहेत. तिच्या तपासणीचा, तिच्या दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीचा खर्चपण बजेटमध्ये धरा, ती घरात आहे म्हणून फुकट नाही.

अण्णा ६८ चे, हृदयाचं पण आहे, त्यांना डॉक्टरांनीच नको सांगितलं. पोटातून करायचं डायलिसिस, सीएपीडी, ते पण विचारून झालं. पोटात नळी, घरीच दिवसातून तीन-चार वेळा दोन-दोन लिटरच्या पिशव्या सोडायच्या-काढायच्या, सेंटर लांब असलेल्यांना, वाडी-वस्तीवरच्यांना चांगलं आहे, पण पिशव्यांचा महिन्याचा खर्च मोठा आणि हात स्वच्छ नसला की पोटात इन्फेक्शन. तुमच्या जिल्ह्यात ते सरकारी कार्यक्रमातून मिळतं का ते नक्की विचारा, २०१९ पासून केंद्रानं ते त्यात घेतलंय.

नोकरीवाल्यांचं पटकन सांगतो. पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापत असतील (२१ हजारांपर्यंत पगार) तर डायलिसिस तिकडूनच करा, आणि किडनी निकामी होणं हे त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे, दोन वर्षं नोकरी झालेली असेल तर सुट्टीत पगाराच्या ८० टक्के मिळतात, ते वेगळं मागावं लागतं. पीएफमधून आजारासाठी पैसे काढता येतात. मुलाच्या कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये आईवडील घालता येत असतील तर जॉइन होतानाच घाला, त्यात बहुतेक जुन्या आजाराला थांबावं लागत नाही, बाहेरून पॉलिसी घेतली तर तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. पॉलिसी घेताना शुगर लपवू नका, एजंट काहीही म्हणू दे. इन्कम टॅक्समध्ये जुन्या पद्धतीनं रिटर्न भरत असाल तर ८०डीडीबी खाली ४० हजारांपर्यंत, पेशंट साठच्या पुढचा असेल तर एक लाखापर्यंत वजावट आहे, नेफ्रोलॉजिस्टची चिठ्ठी पाहिजे.

योजना, विमा काहीच लागू पडत नाही तेव्हा धर्मादाय हॉस्पिटल. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटला मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकाला निम्म्या दरात ठेवाव्या लागतात, निर्धनची उत्पन्नाची मर्यादा एक लाख ऐंशी हजार, दुर्बल घटकाची तीन लाख साठ हजार. हे बोर्डवर लिहिलेलं असतं पण जिथं कुंडी ठेवलेली असते तिथं. मेडिकल सोशल वर्करला भेटा, डॉक्टरला नाही. नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्त कार्यालय. मुख्यमंत्री सहायता निधीत पण अर्ज करता येतो, तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला दाखला आणि हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. सिद्धिविनायक ट्रस्ट वैद्यकीय मदत करतं. मोबाईलवर पैसे गोळा करायच्या वेबसाइट ट्रान्सप्लांटसारख्या एकदाच्या खर्चाला चालतात, डायलिसिसला नाही, लोक एकदा देतात, दर महिन्याला कोण देणार.

आणि जमीन. पहिल्या सहा महिन्यांत विकू नका. तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं, घेणाऱ्यालाही कळतं की ह्यांना गरज आहे. आम्ही वीस गुंठे घाईत दिले आणि त्यानंतर दोन महिन्यांनी कार्ड चालू झालं. सावकारापेक्षा सोनं बँकेत ठेवून कर्ज परवडतं, सोडवता येतं. अण्णा अजून त्या वीस गुंठ्यांवरून बोलतात, डायलिसिसवरून कधीच बोलले नाहीत.

एक फाईल करा, प्लास्टिकची, चेनवाली. पहिल्या पानावर रक्तगट, ड्राय वेट (म्हणजे पाणी काढल्यावरचं खरं वजन), कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, फिस्टुला कुठल्या हातात, हिपॅटायटिस-एचआयव्हीच्या शेवटच्या रिपोर्टची तारीख. हा रिपोर्ट जुना असला की परगावच्या सेंटरमध्ये घेत नाहीत, ताईच्या मुलीच्या लग्नाला पुण्याला गेलो तेव्हा त्यामुळं अडकलो होतो, परत टेस्ट, परत पैसे. मागं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकी पाच झेरॉक्स. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, एप्रिलमध्ये सेतूत दहावी-बारावीच्या पोरांची गर्दी सुरू व्हायच्या आत नवीन काढून घ्या.